कंसशास्त्र : हौशी भाकीतकार आणि तज्ज्ञ



वसंत आला की आपल्याकडे गावोगाव व्याख्यानमालांचे मांडव उभे राहतात. अमेरिकेत ह्याच सुमारास, म्हणजे मार्च महिन्यात, एक रविवार असा येतो की त्या दिवशी संध्याकाळी लाखो माणसे दूरचित्रवाणीपुढे बसून एका यादीची वाट पाहत असतात. ही यादी निवडणुकीच्या निकालाची नव्हे. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोणकोणत्या संघांस प्रवेश मिळाला, एवढेच तीत सांगितलेले असते. त्या दिवसाला 'निवडीचा रविवार' असे नावच पडून गेले आहे. आणि यादी बाहेर पडण्यापूर्वी कित्येक आठवडे 'ती कशी असेल' ह्याची भाकिते करण्याचा एक उद्योग तेथे जोरात चालतो. त्या उद्योगास 'ब्रॅकेटॉलॉजी' म्हणतात. आम्ही त्यास कंसशास्त्र म्हणू. स्पर्धेचा तक्ता कागदावर मांडला म्हणजे दोन दोन संघांना जोडणाऱ्या रेषा कंसासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. मथुरेच्या कंसाशी त्याचा संबंध नाही. मात्र यादीतून वगळलेल्या महाविद्यालयांना निवड समिती त्या कंसमामाहून फारशी दयाळू वाटत नसावी!

आपण म्हणाल, सातासमुद्रांपलीकडच्या ह्या यादीशी आपल्याला काय करावयाचे आहे? त्यावर आमचे उत्तर असे. क्रिकेटचा संघ जाहीर होण्याच्या आदल्या रात्री कट्ट्यावर बसून आपणही अकरा नावे सांगतोच. पण आपण सांगतो आणि विसरून जातो. तेथे सांगितलेले लिहून ठेवले जाते, मागाहून खऱ्या यादीशी ताडून पाहिले जाते, आणि कोणाचे किती चुकले हे चारचौघांत मांडले जाते. 'जाणत्याचे खरे की हौशी माणसाचे खरे?' हा वाद फार जुना आहे. तो नुसत्या तोंडाने न घालता हिशेबाने तपासण्याची सोय जेथे आहे, अशा थोड्या ठिकाणांपैकी हे एक. म्हणून ह्या यादीचा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजले आहे.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नाईस्मिथ ह्या शिक्षकाने 1891 सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेत सुरू केला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून पहिला सामना झाला. त्याच संस्थेच्या मार्फत पुढे तो आपल्या देशातही आला. महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा मात्र 1939 साली सुरू झाली. तीत संघ अवघे आठ. देशाचे आठ विभाग पाडून प्रत्येक विभागातून एक संघ घेतलेला. अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटचा 46-33 असा पराभव केला, आणि हिशेब केला तेव्हा स्पर्धेला सुमारे अडीच हजार डॉलरचा तोटा आला होता. न्यूयॉर्कची निमंत्रितांची स्पर्धा एक वर्ष आधीच, 1938 साली, सुरू झालेली होती, आणि पुष्कळ वर्षे मान तिलाच होता. प्रवेशाच्या यादीचे भाकीत कोणी करीत नसे, कारण यादीची एवढी मातब्बरीच नव्हती.

मातब्बरी वाढली तसतशी संघांची संख्याही वाढली. 1951 साली 16 संघ झाले, 1953 साली 22. पण ह्या वाढीतही एक नियम कायम राहिला होता. अमेरिकेतील महाविद्यालये लहानमोठ्या गटांत विभागलेली आहेत, आणि एका गटातून एकाच संघास प्रवेश मिळे. ह्या नियमाने काय अनर्थ होई ह्याची दोन उदाहरणे देतो. 1971 साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ संपूर्ण हंगामात केवळ दोन सामने हरला. ते दोन्ही एकाच प्रतिस्पर्ध्याकडून, म्हणजे शेजारच्या यू. सी. एल. ए. कडून, आणि तो प्रतिस्पर्धी त्याच गटातला. झाले! दारे बंद. दुसरे उदाहरण 1974 सालचे. अटलांटिक किनाऱ्यावरील गटाच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत 103-100 असे हरविले. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. हरलेला संघही देशातील पहिल्या चार-पाचांत गणला जाणारा, पण त्याला घरी बसावे लागले.

पुढच्याच वर्षी, 1975 साली, संघांची संख्या 32 करण्यात आली आणि एका गटातून एकाहून अधिक संघ घेण्यास परवानगी मिळाली. आमच्या मते कंसशास्त्राचा जन्म खरा येथे आहे, मग त्याचे बारसे कधीही झालेले असो. कारण जेथे नियम यांत्रिक आहे तेथे भाकिताला जागा नाही. गटाचा विजेता आत, बाकीचे बाहेर, संपले. पण काही जागा 'योग्यता पाहून' भरावयाच्या असे एकदा ठरले, की योग्यता म्हणजे काय हा प्रश्न येतो. ती कोणी पाहावयाची हा प्रश्न येतो. आणि पाहणाऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याचा मोह जगाला होतो. 1979 साली सर्व संघांना मानांकन देण्याची पद्धत आली, 1980 मध्ये संघ 48 झाले, 1985 मध्ये 64 आणि 2011 मध्ये 68. ह्यांपैकी तीसएक जागा गटविजेत्यांच्या. उरलेल्या साधारण 36-37 जागा समितीच्या हातात.

ही समिती दहा-बारा जणांची. सभासद म्हणजे निरनिराळ्या विद्यापीठांचे क्रीडासंचालक आणि गटांचे आयुक्त. दार बंद करून ते बसत, गुप्त मतदान करीत आणि रविवारी यादी बाहेर देत. 1981 सालापासून त्यांच्या हाताशी एक गणिती कोष्टकही असे. त्याचे सूत्र मोठे गमतीचे होते. संघाच्या स्वतःच्या यशाला त्यात चार आणे किंमत, त्याने ज्यांच्याशी सामने खेळले त्यांच्या यशाला आठ आणे, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना पुन्हा चार आणे. म्हणजे आपली पत आपल्या कर्तृत्वापेक्षा सोयऱ्याधायऱ्यांवर अधिक ठरावयाची! पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे क्रम संघटना लोकांपुढे मांडीत नसे. ज्या आकड्यांवर विद्यापीठांचे भवितव्य ठरे, ते आकडे फडताळात बंद.

येथे हौशी माणसाचा प्रवेश होतो. जेरी पाम नावाचे गृहस्थ व्यवसायाने संगणकाचे काम करणारे. प्रशिक्षक नव्हेत, खेळाडू नव्हेत. 1990 नंतरच्या दशकात त्यांनी सगळ्या सामन्यांचे निकाल गोळा करून ते गुप्त कोष्टक घरच्या घरी मांडावयास सुरुवात केली आणि ते लोकांना खुले केले. सामन्यांचे निकाल काही गुप्त नव्हते. ते रोजच्या वर्तमानपत्रांत येतच असत. लागत होती ती चिकाटी. संघटनेने आपले क्रम स्वतः जाहीर करावयास पुढे 2006 साल उजाडले. तोवर समितीच्या खोलीतील कागद कसा दिसत असेल हे लोकांना कळत होते ते अशा हौशी हिशेबनिसांमुळे. ह्यात नुसती हौस आहे असे आम्हांस वाटत नाही. बंद खोलीतील व्यवहाराची नक्कल बाहेर मांडून दाखविणे हा एक प्रकारचा नागरी पहाराच होय.

ह्याच दशकात फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स विद्यापीठात नोकरीस असलेले जो लुनार्डी हे एका बास्केटबॉल वार्षिकाचे संपादनही पाहत असत. स्पर्धेची यादी जाहीर होताच वाचकाच्या हाती जाडजूड अंक द्यावयाचा, तर कोणते संघ यादीत येतील हे आधीच ओळखून त्यांची माहिती लिहून ठेवणे भाग होते. गरजेतून भाकीत जन्मले. 1996 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात 'ब्रॅकेटॉलॉजी' हा शब्द त्यांच्या संदर्भात छापून आला. 2002 पासून एका मोठ्या क्रीडावाहिनीने त्यांची भाकिते नियमाने देण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत ते देशभर 'तज्ज्ञ' म्हणून ओळखले जाऊ लागले. ध्यानात घ्या, ह्या शास्त्राची पदवी कोणी दिलेली नव्हती. कालचा हौशीच आजचा तज्ज्ञ झाला. पुढे पामही एका वाहिनीचे मान्यवर भाकीतकार झाले.

पण ज्या वाटेने ते गेले, तीच वाट इतरांनाही मोकळी होती. इंटरनेटचा प्रसार झाला तसे गावोगावचे शिक्षक, विद्यार्थी, कारकून आपापल्या याद्या करू लागले. मग त्या सगळ्या एकत्र मांडणारी 'ब्रॅकेट मॅट्रिक्स' नावाची एक नोंदवही इंटरनेटवर निघाली. एकेका वर्षी शंभराहून अधिक भाकीतकारांच्या याद्या तीत येतात. संघ बरोबर ओळखला तर गुण, त्याचे मानांकन नेमके सांगितले तर आणखी गुण, एका पायरीने चुकले तर थोडे गुण, अशी तपासणी होते. वर्षानुवर्षांच्या ह्या तपासणीतून काय निघाले? वरच्या क्रमांकांवर बहुधा अशी नावे दिसतात, की ज्यांना त्यांच्या आळीबाहेर कोणी ओळखत नाही. दूरचित्रवाणीवरील नामांकित तज्ज्ञ पुष्कळदा मधल्या रांगेत बसलेले आढळतात. आणि सर्वांच्या याद्यांची सरासरी काढली, तर ती सरासरी बहुतेक सुट्या भाकीतकारांपेक्षा बरी ठरते.

हे असे का व्हावे? पहिले कारण असे की, प्रश्न नेमका कोणता आहे हे समजून घेण्यात तज्ज्ञाची चूक होते. 'चांगला संघ कोणता?' हा एक प्रश्न, आणि 'समिती कोणता संघ घेईल?' हा अगदी निराळा प्रश्न. जन्मभर खेळ पाहिलेल्या माणसाला पहिल्याचे उत्तर अधिक चांगले येत असेल. दुसऱ्यासाठी त्याची ती जाणकारी उलट आड येते. जो विद्यार्थी परीक्षकाच्या मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून बसतो, तो विषयातील पंडितापेक्षा प्रश्न अधिक अचूक ओळखतो. हौशी माणूस खेळाचा अभ्यास करीत नाही. तो समितीच्या सवयींचा अभ्यास करतो.

दुसरे कारण आकड्यांच्या फसवेपणाचे. अडुसष्टांपैकी सदुसष्ट संघ बरोबर सांगितले असे एखाद्याने म्हटले, की आपण तोंडात बोट घालतो. पण हिशेब पाहा. तीसएक गटविजेते रविवारपर्यंत सर्वांना ठाऊकच झालेले असतात. उरलेल्यांपैकी बहुतेक संघ इतके बलवान की त्यांच्याविषयी शंका नसते. खरा वाद शेवटच्या पाच-सहा जागांचा. त्या जागांसाठी झगडणाऱ्यांना तेथे 'बुडबुड्यावरचे संघ' म्हणतात. तेव्हा तज्ज्ञ आणि हौशी ह्यांच्यातील सारा फरक ह्या पाच-सहा बुडबुड्यांवर तोललेला असतो. परीक्षेत साठ प्रश्नांची उत्तरे फळ्यावरच लिहिलेली असतील, तर पहिला कोण आणि विसावा कोण हे ठरण्यात दैवाचाही थोडा वाटा असणारच. एका वर्षीच्या पहिल्या क्रमांकाने हुरळून जाऊ नये. बरीच वर्षे वरच्या रांगेत राहतो, तोच खरा.

तिसरे कारण सरासरीचे. 1906 साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यावर वजन किती भरेल हे ओळखण्याची पैज लागली होती. सहा पेन्सांचे तिकीट काढून खाटिक, शेतकरी आणि ज्यांना बैलातले काही कळत नव्हते अशांनीही आकडे लिहिले. फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी ती तिकिटे मिळवून त्यांतील 787 तपासली आणि निष्कर्ष 1907 साली प्रसिद्ध केला. सर्व आकडे क्रमाने लावून मधला घेतला तर तो 1207 पौंड; खरे वजन 1198. नऊ पौंडांची चूक! एकाचा अंदाज वर, दुसऱ्याचा खाली. चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि मागे उरते ते सत्याच्या जवळचे असते. कंसांच्या सरासरीचे मर्म हेच आहे. अर्थात माणसांनी आपापल्या डोक्याने विचार केलेला असला पाहिजे. सगळेच एका प्रसिद्ध तज्ज्ञाची यादी पाहून उतरवू लागले, तर शंभर याद्यांची किंमत एकाच यादीची.

ह्यापलीकडे एक गोष्ट मनुष्यस्वभावाची. फिलिप टेटलॉक ह्या मानसशास्त्रज्ञाने 284 तज्ज्ञांची राजकीय आणि आर्थिक भाकिते सुमारे वीस वर्षे नोंदवून ठेवली आणि 2005 साली त्यांचा ताळेबंद प्रसिद्ध केला. सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यांहूनही विशेष सरस ठरला नाही, आणि ज्यांची वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर चलती, त्यांचे भाकीत इतरांपेक्षा अधिक चुकले. ह्याचे नवल वाटावयास नको. सभेत टाळ्या ठाम बोलणाऱ्याला मिळतात. 'बहुधा', 'कदाचित' म्हणणाऱ्याला मिळत नाहीत. आम्ही स्वतः व्यासपीठावर उभे आहोत, तेव्हा हा दोष आम्हांसही लागू आहे हे मान्य करतो!

एवढ्यावरून तज्ज्ञ निरुपयोगी आणि हौशी तेवढा शहाणा, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावीळपणा होईल. दोन प्रसंग सांगतो. 2006 साली समितीने जॉर्ज मेसन ह्या फारशा नाव नसलेल्या विद्यापीठास प्रवेश दिला. यादी जाहीर होताच दूरचित्रवाणीवरील नामांकित समालोचकांनी समितीच्या अध्यक्षांना धारेवर धरले. लहान गटांतील इतके संघ का घेतले, असा त्यांचा सवाल होता. पुढील दोन आठवड्यांत जॉर्ज मेसनने मिशिगन स्टेट, नॉर्थ कॅरोलिना, विचिटा स्टेट आणि कनेक्टिकट ह्यांना एकामागून एक हरवून उपांत्य फेरी गाठली. येथे खेळाचे तज्ज्ञ चुकले, समिती बरोबर ठरली.

दुसरा प्रसंग 2011 चा. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचे नाव यादीत निघाले, तेव्हा समालोचक तर चवताळलेच. पण बहुतेक भाकीतकारांच्या यादीतही ते नाव नव्हते. समितीच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्यांनाही समितीने चकविले. आणि त्या संघाने काय करावे? प्राथमिक फेरीपासून सुरुवात करून पाच सामने जिंकले, त्यांत कॅन्सससारखा बलाढ्य संघही लोळविला, आणि तेही उपांत्य फेरीत जाऊन उभे राहिले. म्हणजे योग्यता जाणणारेही चुकले आणि समितीचे मन जाणणारेही चुकले. समितीच्या खोलीतील माणसांना, निदान त्या वर्षी, आकड्यांबाहेरचे काहीतरी दिसले होते, किंवा त्यांचा बाण अंधारात लागला होता. दोहोंपैकी काय, हे एका उदाहरणावरून ठरत नाही.

आता भाकिताचा खरा उपयोग कोठे झाला ते सांगतो. जे कोलमन आणि ॲलन लिंच ह्या दोन प्राध्यापकांनी समितीच्या मागील निवडी तपासून एक सूत्र बसविले आणि 2001 साली ते प्रसिद्ध केले. खोलीत न जाता ते सूत्र समितीच्या बहुतेक निवडी बरोबर सांगत असे. पण सूत्र हाती आल्यावर एक नवीन प्रश्न विचारता आला : समिती सूत्रापासून जेव्हा ढळते, तेव्हा कोणाच्या बाजूला ढळते? आणखी एका सहकाऱ्यास घेऊन त्यांनी 2010 साली ह्याचे उत्तर दिले. मोठ्या गटांतील संघांना, आणि ज्यांचा माणूस समितीत आहे त्यांना, झुकते माप मिळाल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. आपल्या विद्यापीठाची चर्चा निघाली की सभासदाने खोलीबाहेर जावे असा नियम आहे. पण माणूस बाहेर गेला तरी त्याची सावली आत राहू शकते. ह्या स्पर्धेच्या केवळ दूरचित्रवाणी-हक्कांचा 2010 सालचा करार 14 वर्षांस 1080 कोटी डॉलरचा होता, आणि खेळलेल्या सामन्यांमागे गटाच्या पदरात पैसा पडतो. लहान विद्यापीठाला एका जागेची किंमत काय असेल ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

बाहेरच्यांच्या ह्या सततच्या टेहळणीने आतले लोकही हळूहळू बदलले. 2007 साली संघटनेने वार्ताहरांना इंडियानापोलिस येथे बोलावून निवडीची रंगीत तालीम करून दाखविली. निवडीची तत्त्वे आणि पद्धत छापून प्रसिद्ध होऊ लागली. 2018 साली जुने कोष्टक टाकून नवे आणले गेले, आणि त्याचे क्रम रोजच्या रोज जाहीर होऊ लागले. म्हणजे हौशी माणसाने तज्ज्ञाला गाठले ते अलौकिक बुद्धीने नव्हे. कागद उघडे झाले, म्हणून गाठले. आणि कागद उघडे होण्यास त्याचीच खटपट पुष्कळ अंशी कारण झाली.

मात्र यादीचे भाकीत आणि सामन्यांचे भाकीत ह्यांची गल्लत करू नये. यादी माणसे करतात, आणि माणसांना सवयी असतात. चेंडूला सवयी नसतात. मुख्य तक्त्यातील 63 सामन्यांचे निकाल किती प्रकारे लागू शकतात? 9 ह्या आकड्यापुढे 18 शून्ये मांडली तरी ती संख्या त्याहून मोठीच भरते. 2014 साली वॉरन बफे ह्यांच्या पाठिंब्याने संपूर्ण बिनचूक तक्त्याला शंभर कोटी डॉलरचे बक्षीस लावले गेले. ते कोणालाही मिळाले नाही. 1985 ते 2017 पर्यंत पहिल्या मानांकित संघाची सोळाव्याशी 132 वेळा गाठ पडली आणि 132 वेळा पहिलाच जिंकला. 2018 साली मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने देशात अग्रमानांकित असलेल्या व्हर्जिनियाला 74-54 असे धुऊन काढले. तज्ज्ञ आणि हौशी दोघेही एकाच वेळी गप्प झाले! आणि पुढच्याच वर्षी, 2019 साली, तेच व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेते झाले.

2020 साली तर आणखीच विलक्षण घडले. साथीमुळे 12 मार्च रोजी स्पर्धा रद्द झाली आणि समितीने यादीच जाहीर केली नाही. भाकीतकारांनी मात्र आपल्या अखेरच्या याद्या पुऱ्या केल्याच. उत्तरपत्रिका लिहून तयार, आणि तपासणारा परीक्षकच नाही. त्या याद्यांमध्ये कोणाची बरोबर, कोणाची चूक, हे आता कधीच ठरावयाचे नाही. भाकिताची किंमत भाकितात नसून तपासणीत असते, हे त्या वर्षाइतके स्पष्ट कधी दिसले नसेल.

बंधुभगिनींनो, पाऊस कसा पडेल, बाजार चढेल की उतरेल, निवडणूक कोण जिंकेल, हे सांगणारे आपल्याही अवतीभवती थोडे नाहीत. त्यांना 'तुम्ही कोण?' असे विचारू नये. 'मागच्या वेळी काय सांगितले होते, आणि काय झाले?' असे विचारावे. त्याचप्रमाणे बंद दाराआड निवड करणारी समिती मग ती खेळाची असो, शाळेची असो वा नगरपालिकेची, तिला 'तुमची माणसे मोठी आहेत ना?' एवढेच विचारून स्वस्थ बसू नये. 'तुमचे नियम आणि तुमचे कागद कोठे आहेत?' असे विचारावे. एका दूरच्या देशातील खेळाच्या हौशी मंडळींनी नेमके हे दोन प्रश्न चिकाटीने विचारले. त्यांचे अंदाज पुष्कळदा चुकले, पुढेही चुकतील. पण चुकलेला आकडा त्यांनी खोडला नाही, तो सर्वांना दिसेल असा वहीत राहू दिला. आपणही निदान एक वही घालावी, एवढे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.